यंत्राचा हिरवा दिवा आणि कलम १८५

आमच्या ऑफिसच्या टेबलावर सध्या दोन ब्रीथ ॲनालायझर आहेत. एक चाव्यांच्या जुडग्याला अडकवायचं, अंगठ्याएवढं, ऑनलाइन मागवलेलं. दुसरं जरा दणकट, हातात घेतल्यावर वजन जाणवणारं, दर माणसागणिक नवी नळी लावायचं. पहिलं एका अशिलाच्या आईने आणून दिलं. "मॅडम, हे पुरावा म्हणून लावता येईल का बघा. यात तर पोरगा पास झाला होता." दुसरं मी स्वतः मागवलं, पहिल्याशी ताडून पाहायला. मी फौजदारी वकील आहे आणि ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसेस नियमित चालवते, त्यामुळे हा अभिप्राय यंत्राबरोबर त्याच्या खोक्यातल्या "कायदा जाणून घ्या" या पुस्तिकेबद्दलही आहे. किंबहुना तिच्याबद्दलच जास्त आहे. कंपन्यांची नावं लिहीत नाही. हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, फक्त प्लास्टिकचा रंग बदलतो.

आधी जुडग्यातलं. त्याला तीन दिवे आहेत. रक्तातली दारू टक्क्यांत मोजून ०.०५ पर्यंत हिरवा, तिथून ०.०८ पर्यंत पिवळा, पुढे लाल. हे आकडे कुठून आले ते खोक्यावर लिहिलेलं नाही, पण ०.०८ ही इंग्लंडमधली आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतली मर्यादा आहे, आणि ०.०५ ऑस्ट्रेलियात नि युरोपातल्या बऱ्याच देशांत चालते. आपल्या मोटार वाहन कायद्यात, म्हणजे १९८८ च्या कायद्याच्या कलम १८५ मध्ये, मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. टक्क्यांत सांगायचं तर ०.०३. म्हणजे ०.०३ च्या पुढून ०.०५ पर्यंतचा सगळा पट्टा या यंत्राच्या लेखी हिरवा आणि आपल्या कायद्याच्या लेखी गुन्हा. या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. निघताना फुंकर मारली, हिरवा दिवा लागला, गाडी काढली, आणि नाकाबंदीवर पोलिसांच्या यंत्रात चाळिशीतला आकडा आला. त्याचं म्हणणं, दोघांपैकी एक यंत्र खोटं बोलतंय. दोन्ही खरं बोलत होती.

दिव्यांचे टप्पे या मॉडेलमध्ये बदलता येत नाहीत. आपल्याकडे विकायच्या यंत्रात हा दोष अक्षम्य आहे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण घेण्याआधी इशाऱ्याचा टप्पा ०.०३ वर आणता येतो का, एवढं जरूर बघा. दणकट यंत्रात येतो. सेटिंगमध्ये जाऊन एकदा करून ठेवलं की झालं.

दुसरी भानगड एककाची. पोलिसांचं यंत्र आणि त्याची छापील पावती १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये बोलते: ३०, ४६, १२०. खिशातली यंत्रं कधी टक्क्यांत बोलतात, कधी दर हजारी प्रमाणात, कधी श्वासाच्या एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. एकच माणूस, एकच फुंकर, पण पहिल्या हिशेबात ०.०३, दुसऱ्यात ०.३ आणि तिसऱ्यात साधारण ०.१४. हा तिसरा आकडा श्वासाचा आहे. रक्तातल्या दारूचा अंदाज श्वासावरून काढताना २१०० ला १ असं गुणोत्तर धरतात, म्हणून तो इतका लहान दिसतो. जुडग्यातल्या यंत्रावर एकक बदलायचं बटण आणि चालू करायचं बटण एकच आहे. जरा जास्त वेळ दाबलं की एकक बदलतं आणि कोपऱ्यातलं चिन्ह इतकं बारीक की दिवसाउजेडीसुद्धा मला चष्मा लागतो. चार पेग घेतलेल्या माणसाने रात्री पार्किंगमध्ये ते वाचावं ही अपेक्षा कोणी ठेवली, देव जाणे.

आत सेन्सर कोणता आहे, यावर बाकी सगळं ठरतं. स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो दारूला प्रतिसाद देतो, तसाच इतर वाफांनाही देतो. सॅनिटायझर लावलेल्या हाताने यंत्र तोंडाशी धरलं तरी त्याचा आकडा उसळतो, हे आम्ही ऑफिसातच पाहिलं. मधुमेह हाताबाहेर गेलेल्यांच्या श्वासात ॲसिटोन असतं, त्यानेही हा सेन्सर फसू शकतो. महागड्या यंत्रांत फ्युएल सेल असतो. त्यात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून बारीकसा विद्युत प्रवाह निघतो आणि तो मोजला जातो. त्याची निवड बरीच नेमकी असते आणि तो टिकतोही. पण कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या मापाशी ताडून यंत्र जुळवून घेणं, दोघांनाही लागतं. माझ्या यंत्राच्या कागदांत दर सहा महिन्यांनी करा असं लिहिलंय. जुडग्यातल्याच्या कागदांत त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे घेतल्या दिवसापासून ते आपल्या मर्जीने वाहवत जाणार.

ज्युनिअरवर एक प्रयोग केला. तो अजिबात पीत नाही, म्हणून तोच निवडला. त्याला अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरायला लावली आणि लगेच फुंकायला सांगितलं. दोन्ही यंत्रांनी त्याला झिंगलेला ठरवला, महागड्यानेसुद्धा. पाव तास गप्पा मारल्या, परत फुंकायला लावलं, शून्य. तोंडात राहिलेली दारू आणि फुप्फुसातून येणारी दारू हा फरक खिशातलं यंत्र करू शकत नाही. तोंडातली पंधरा-वीस मिनिटांत उडून जाते, म्हणून घोट घेतल्या घेतल्या केलेल्या चाचणीला अर्थ नसतो. ज्युनिअर मात्र दिवसभर "मॅडम, मला मेडिकलला नेणार का?" विचारत होता.

खरी परीक्षा घरी झाली. दिरांचे मित्र जमले होते, सगळे रात्री तिथेच मुक्कामाला होते, गाडी कोणी काढणार नव्हतं. मी वही घेऊन बसले. पहिली गंमत म्हणजे शेवटचा घोट घेऊन ग्लास खाली ठेवल्यावरही आकडा चढतच राहिला. पोटातली दारू रक्तात उतरायला वेळ लागतो, कोणाला अर्धा तास, कोणाला तासाच्या वर. "आत्ता निघालो तर आत्ताचा आकडा लागेल" हा समज इथेच मोडतो, कारण नाकाबंदीला पोहोचेपर्यंत आकडा वर गेलेला असू शकतो. दुसरं म्हणजे उतरण्याचा वेग. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, थोडं इकडेतिकडे. दीर गार पाण्याने अंघोळ करून आले, काळी कॉफी प्यायले, गच्चीवर फेऱ्या मारून आले, आणि दरवेळी मोठ्या उमेदीने फुंकले. यंत्राने दाद दिली नाही. हिशेब करून बघा: मध्यरात्री १२० वर असलेला माणूस ३० वर यायला सहा तास. म्हणजे झोप काढून, दात घासून पहाटे पाचला गाडी काढणारा माणूस अजूनही कलम १८५ मध्ये बसतो. स्वतःला पूर्ण शुद्धीत समजून. माझ्याकडे सकाळच्या केसेस येतात त्या अशाच. ही गोष्ट डोळ्यांनी दाखवणं हा या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण. माझ्या दिरांना मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगून जे पटलं नव्हतं ते त्या रात्री पटलं.

आता पुस्तिका.

चकचकीत कागद, आठ पानं, मराठीही बरी आहे. मजकूर मात्र कुठून कुठून उचलून चिकटवलेला. पहिल्या गुन्ह्याला "दोन हजार रुपयांपर्यंत दंड" लिहिलंय. हा २०१९ च्या आधीचा कायदा. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पूर्वी कलमात "दोन हजारांपर्यंत" असं होतं, त्यामुळे मॅजिस्ट्रेटसाहेब पाचशे-हजारावर भागवू शकत. आता "पर्यंत" हा शब्दच गेला. शिवाय जुन्या कायद्यात दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत झाला तरच वाढीव शिक्षा होती. तीही अट २०१९ मध्ये काढली. दहा वर्षांपूर्वी कबूल केलेली केस आज तुमच्या विरोधात उभी राहू शकते, आणि पुस्तिका अजून तीन वर्षांची गोष्ट सांगतेय.

पान चारवर लिहिलंय, "जागेवर दंड भरून प्रकरण मिटवता येते." नाही येत. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, अशा गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरून मोकळं होता येतं, कारण कलम २०० मध्ये त्या कलमांची यादी आहे. त्या यादीत १८५ नाही. कोर्टात जावंच लागतं. रस्त्यावर कोणी "इथेच मिटवू" म्हणत असेल तर तो दंड नसतो, ते काय असतं तुम्हाला माहीत आहे.

त्याच पानावर ठळक अक्षरांत, "श्वास चाचणीस नकार देणे हा तुमचा हक्क आहे." हे वाक्य वाचून मी पुस्तिका टेबलावर आपटली. कलम २०३ प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला वाजवी संशय आला तर तो चालकाकडे श्वासाचा नमुना मागू शकतो. दिला नाही आणि संशय कायम असेल तर वॉरंटशिवाय अटक करू शकतो. त्यापुढे कलम २०५ आहे. सबळ कारण नसताना नमुना नाकारला, तर कोर्ट तो नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला दुजोरा देणारी गोष्ट म्हणून धरू शकतं. म्हणजे ज्याने पुस्तिका वाचून फुंकायला नकार दिला त्याने सरकारी वकिलाचं काम हलकं केलं. दम्यासारखा आजार असेल, फुंकता येत नसेल, तर ते तिथल्या तिथे सांगा आणि रक्तचाचणी मागा. ते सबळ कारण होऊ शकतं.

अटक झाल्यावर काय होतं, यावर पुस्तिकेत दोन ओळी आहेत: "वकिलाशी संपर्क साधा. शांत राहा." सल्ला चुकीचा नाही, पण रात्री एक वाजता पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांना त्याचा काही उपयोग नाही. त्यांना हे माहीत हवं की कलम २०२ च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्या कलमाला जोडलेल्या अटीप्रमाणे, कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही झाली तर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. सोडणं म्हणजे केस संपणं नव्हे, हेही लगेच सांगते, कारण लोक तसा अर्थ काढतात. पण वेळा टिपून ठेवा. अडवलं कधी, यंत्रात फुंकायला लावलं कधी, अटक कधी दाखवली, दवाखान्यात किती वाजता नेलं. माझ्याकडे येणारे नातेवाईक साहेबांचा आवाज किती चढला होता ते शब्दशः सांगतात, आणि वेळ विचारली की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

गुन्हा जामीनपात्र आहे. घाबरून कोणाच्या ओळखी लावत बसू नका, जामीन हा तिथे हक्काने मिळतो. बऱ्याचदा तर रीतसर अटक न करता चाचणी, पावती, लायसन्स जमा आणि कोर्टाच्या तारखेची नोटीस एवढ्यावरच सोडतात. त्या पावतीवर वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. ती फोटो काढून ठेवा. गाडी रस्त्यात तशीच सोडता येत नाही, तिची तात्पुरती व्यवस्था पोलिसांनी करायची असते. बरोबर न प्यायलेला, लायसन्सवाला माणूस असला तर बहुतेक वेळा त्याच्या हवाली करतात.

आणि लायसन्स. या विषयावर पुस्तिकेत अवाक्षर नाही, आणि माझ्या ऑफिसात रडारड होते ती याच विषयावर. त्या मुलाची आई म्हणाली, "दंड भरू हो मॅडम, दहा हजार कुठूनही आणू. पण त्याची नोकरी फिरतीची आहे, लायसन गेलं तर नोकरी गेली." बाई मुद्द्यावर होती. लायसन्सवर दोन बाजूंनी टाच येते आणि दोन्ही वेगवेगळ्या आहेत. पहिली आरटीओची. कलम २०६ मध्ये २०१९ ला घातलेल्या पोटकलमाप्रमाणे पोलीस लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकरणाकडे पाठवतात, आणि तिथे कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. मात्र त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील आहे. आरटीओची नोटीस आली की लोक ती कोर्टाच्या कागदांत घालून विसरतात, कारण त्यांना वाटतं सगळं एकच आहे. लायसन्स परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं.

दुसरी टाच कोर्टाची. कलम २० प्रमाणे १८५ खाली दोषी ठरवल्यावर कोर्टाने किमान सहा महिने अपात्रतेचा आदेश द्यायचा असतो. "देऊ शकेल" असं तिथे नाही. आता कोर्टाच्या आवारात मिळणारा तो फुकट सल्ला आठवा: "कबूल करून टाका, दहा हजार भरा, जेवायच्या सुट्टीच्या आत मोकळे." कबूल केलं म्हणजे दोषी ठरलात. दोषी ठरलात म्हणजे दंडाशिवाय लायसन्सचे किमान सहा महिने, शिवाय पुढच्या वेळी तुमची केस "दुसरा गुन्हा" म्हणून चालणार. कबुली कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. आकडा १४० असेल, पावती नीट असेल, डॉक्टरचा दाखला असेल, तर तारखांमागे तारखा घेऊन अशिलाचे पैसे जाळण्यात मला रस नाही. पण काय कबूल करतोय आणि त्याबरोबर काय काय जातंय, हे माहीत असून करावं.

गाडी दुसऱ्याच्या हातात देणाऱ्यांसाठीही एक कलम आहे, १८८. समोरचा प्यायलेला आहे हे माहीत असून त्याला गाडी चालवायला लावली किंवा साथ दिली तर अपप्रेरणेसाठी तीच शिक्षा. मित्राला चाव्या देताना हे आठवत नाही. दुचाकीलाही सगळं तसंच लागू आहे, आणि गाडी चालवणंच नव्हे, चालवण्याचा प्रयत्नसुद्धा कलमात येतो. अमली पदार्थांचं पोटकलम वेगळं आहे, त्यांच्यापुढे ही यंत्रं ठार आंधळी.

आता आईंचा प्रश्न. हे यंत्र पुरावा म्हणून लावता येईल का? मी त्यांना नाही म्हणून सांगितलं, आणि का तेही सांगितलं. कोर्टापुढे प्रश्न असतो तो गाडी चालवताना रक्तात किती होतं याचा. घरून निघण्याआधी, कॅलिब्रेशन नसलेल्या यंत्रात, कोणी साक्षीदार नसताना आलेला आकडा त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यातून यांच्या यंत्राने ०.०४ च्या आसपास दाखवून हिरवा दिवा लावला होता. म्हणजे तो पुरावा दाखल करणं म्हणजे आपणच उठून "होय, तीसच्या वर होतो" म्हणून सांगणं. महागड्या यंत्राचं ॲप तर प्रत्येक फुंकर तारीख, वेळ आणि जागेसकट साठवून ठेवतं. खोक्यावर ही सोय मोठ्या कौतुकाने छापली आहे. वकील म्हणून मला ती दुधारी वाटते. मर्यादेच्या वर असल्याचं फोनमध्ये नोंदवून मग गाडी काढणारा माणूस "मला कल्पना नव्हती" असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

बचाव करायचा तो पोलिसांच्या चाचणीवर, आणि तिथे ऑफिसातले आमचे प्रयोग मला खरंच उपयोगी पडले. यंत्राचं कॅलिब्रेशन कधीचं आहे, नळी नवी लावली का, शेवटचा घोट आणि चाचणी यांत किती वेळ गेला, पावतीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का, रक्त घेतलं का, घेतलं तर लॅबला कधी गेलं, हे प्रश्न मी आधीही विचारायचे. आता उत्तरातली खोच जास्त लवकर कळते. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं होतं की नुसता तोंडाचा वास, चालण्यातली लटपट, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं धरता येत नाही. पण हा निकाल तोंडपाठ करून येणाऱ्यांना मी दुसरी बाजूही दाखवते. विमा कंपनीच्या एका प्रकरणात २०२१ साली त्याच न्यायालयाने म्हटलं की श्वास किंवा रक्ताची चाचणी झाली नाही म्हणून विमा कंपनीचे हात बांधले जात नाहीत, चालक अमलाखाली होता हे इतर परिस्थितीवरून सिद्ध करता येतं. गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथे गेला. फौजदारी केसमधून सुटलात तरी गॅरेजचं बिल तुमच्याच नावावर निघू शकतं.

आणि कोणी दगावलं असेल, तर कलम १८५ ही त्या फाइलमधली सगळ्यात किरकोळ गोष्ट असते. मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली, सात जण गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची कैद कायम ठेवली, निव्वळ निष्काळजीपणावर भागवलं नाही. आता ही कलमं भारतीय न्याय संहितेत १०५ आणि १०६ म्हणून आहेत, आणि निष्काळजीपणाने मृत्यूची शिक्षाही दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

तर विकत घ्यावं का? जुडग्यातलं घेऊ नका. फुकट मिळालं तरी त्याचा हिरवा दिवा बघायची सवय लागेल आणि तीच महागात पडेल. पाचपैकी एक तारा देते, तोही बॅटरी बरी टिकते म्हणून. दणकट यंत्राला साडेतीन. आकडा सलग दोनदा घेतला तर जवळपास तोच येतो, पुरेसं लांब फुंकलं नाही तर ते आकडा देतच नाही, पुन्हा फुंकायला लावतं, आणि इशारा ०.०३ वर आणता येतो. दीड तारा कापला त्याची कारणं: नळ्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात आणि पटकन संपतात, कॅलिब्रेशनसाठी यंत्र कुरियरने पाठवून वाट बघावी लागते, आणि ॲप उघडताक्षणी फोनमधल्या संपर्कांची परवानगी मागतं, ती कशासाठी ते कंपनीच जाणे.

एक गोष्ट वापरणाऱ्यांसाठी. यंत्राने २८ दाखवलं तर ते ३० च्या आत आहे म्हणून चावी उचलू नका. खिशातल्या यंत्राची चूक सहज पाच-सात मिलिग्रॅमची असू शकते, आणि आकडा चढता आहे की उतरता, हे एका फुंकरीतून कळत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. आमच्या घरी तर शून्य आल्याशिवाय गाडी काढायची नाही असं दिरांनीच ठरवलंय, आणि सकाळी उठल्यावर पहिले तेच फुंकतात.

पुस्तिकेला तारा नाही. कंपनीला चुका कळवल्या, आभाराचा ईमेल आला, आणि त्यानंतर मागवलेल्या खोक्यातही "दोन हजार रुपयांपर्यंत" तसंच होतं.